कोरड्या दिवशी कोळसुंदा

“माणसांना पार्किंग नाही आणि डासांना मात्र टेरेस फ्लॅट,” जिन्यात सेक्रेटरीकाका म्हणाले.

“मग करू का टब उपडा?” वॉचमनमामांचा आवाज.

“आधी टाकीचं झाकण बघू. टब काही पळून जात नाही. आणि ते काटेरी झुडूप उपटून कचऱ्यात द्या.”

मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, हातात मग धरून उभी होते. टब माझा होता. ते फक्त आईला माहीत होतं.

आमच्या हडपसरच्या सोसायटीत पावसाळा सरत आला की दर रविवारी कोरडा दिवस पाळतात. कुंड्यांखालच्या बशा, कूलर, चिमण्यांसाठी ठेवलेलं भांडं, सगळं पालथं घालायचं. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरची लहान मुलगी डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये होती. तिची आई लिफ्टमध्ये भेटली की मी मोबाईलमध्ये डोकं घालायचे. ‘कशी आहे ती?’ एवढं विचारायलाही तोंड उघडत नव्हतं.

बी आणलं होतं वाघोलीहून. आमच्या कॉलेजच्या बसस्टॉपमागे एक पाणथळ खड्डा होता. हिवाळ्यात तिथे मुरमाचे ट्रक रिकामे व्हायला लागले, तेव्हा कडेच्या वाळलेल्या काड्यांवरची बोंडं मी रुमालात भरून घेतली. काटे बोटांत गेले. घरी ओल्या बोटाने बी उचललं तर ते बुळबुळीत होऊन बोटालाच चिकटलं. आई म्हणाली, “अगं, हा कोळसुंदा. आमच्याकडे तळ्याच्या काठाला नुसता माजायचा. मुद्दाम लावताना कुणाला पाहिलं नाही बाई.”

आंघोळीचा जुना टब, नर्सरीची माती, शेणखत. झाड डबक्यातलं, म्हणजे त्याला डबकंच हवं, असा माझा हिशेब. म्हणून पाऊस थांबल्यावरही मी रोज मगाने पाणी घालत राहिले, मातीवर पाणी उभं राहीपर्यंत.

पावसाळा संपता संपता पेराशी, पिवळट काट्यांच्या मधोमध, जांभळी फुलं आली. काळे भुंगे यायला लागले. एवढ्याशा फुलात डोकं खुपसताना त्यांच्या वजनाने अख्खी काडी वाकायची. पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्या यायच्या, त्या क्षणभरही बसायच्या नाहीत. मग एक नारिंगी फुलपाखरू आलं, पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे. ते पानापानावर टेकत गेलं, आणि काही दिवसांनी पानांना भोकं पडली. पानाखाली काळपट, केसाळ काट्यांचे सुरवंट होते. वाघोलीच्या त्या खड्ड्यावर तोवर गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. हे फुलपाखरू एरवी कुठे गेलं असतं, मला माहीत नव्हतं.

आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. मुलगी आजारी पडल्याचं कळल्यापासून मी रोज सकाळी टॉर्च घेऊन टबात वाकत होते. वळवळणारं काही दिसत नव्हतं. पण पाणी गढूळ होतं. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. टब रिकामा केला तर झाड मरेल, नाही केला तर… पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नसे. त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी वर आले होते, काहीतरी ठरवायला. आणि जिन्यात आवाज आले.

ते दोघे वर आले. टाकीचं झाकण पाहिलं, नळ पाहिला. मग टबापाशी आले. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

“वा,” काका म्हणाले. “डासांच्या जोडीला सुरवंट. आता फक्त मगर बाकी आहे.”

“अंगाला लागलं की लई खाजतंय हे, साहेब. पोरं खेळत्यात हितं.”

“तेच तर. मालक कोण, काही पत्ता?”

“न्हाई. मागच्या भाडेकरूचा आसंल.”

त्यातला एक सुरवंट आदल्याच दिवशी माझ्या मनगटावरून चालत गेला होता. खाज नाही, काही नाही. सांगण्यासारखं इतकं होतं, पण डोक्यात वाक्यं इंग्रजीत जुळत होती आणि काकांसमोर ती कशी वाटतील ते मला आधीच ऐकू येत होतं. ते खाली जाईपर्यंत इथेच उभं राहायचं, एवढाच विचार होता. नंतर टब कुणाचा होता हे कुणी विचारणारही नव्हतं.

मामांनी टबाची कड धरून उचलली. पाणी एका बाजूला सरकलं आणि दुसऱ्या बाजूचा चिखल उघडा पडला. गच्चीला उतार असल्याने त्या बाजूला एरवीही पाणी जेमतेम असायचं. आणि सगळ्यात उंच काड्या, सगळ्यात जास्त फुलं, सुरवंटसुद्धा, त्याच बाजूला होते. झाडाला पाणी उभं लागतच नव्हतं. ते मी घालत होते.

टब आणखी कलला. एक सुरवंट पानावरून सुटून कडेवर पडला.

माझ्या हातातला मग टाकीवर आपटला. दोघांनी वळून पाहिलं. आवाज माझाच होता, पण फार बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा बोलले.

“मामा, थांबा. काका, हा टब माझा आहे. वरचं पाणी मी आत्ता काढते आणि परत साचू देणार नाही, तुम्ही दर रविवारी येऊन बघा. पण चिखल आणि झाड राहू द्या. हे सुरवंट खाजत नाहीत, आणि या गच्चीवर त्यांना खायला दुसरं काहीच नाही.”