पक्का झालेला हात

मी मलकापूरला त्वचारोगाचा दवाखाना चालवते. माणसं बहुतेक गजकर्ण घेऊन येतात आणि येण्याआधी मेडिकलवाल्यानं दिलेली कुठलीतरी ट्यूब संपवून बसलेली असतात. त्या ट्यूबांच्या नावानं बोटं मोडण्यात माझा अर्धा दिवस जातो. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडली. पेशंट खुर्चीत टेकता टेकताच सांगतो, ‘एआयनं तर असं सांगतलं म्याडम,’ आणि आता ही काय म्हणते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. एक बाई येऊन गेली आणि त्यानंतर मोबाईलवर रागावणं मला जमेनासं झालं.

ती वरवट बकालच्या पलीकडल्या एका खेड्यातून आली होती, बारावी झालेल्या मुलीला सोबत घेऊन. तळहाताच्या कडेला भाजल्याचा मोठा फोड होता आणि तो कशानं आला हे तिला माहीत नव्हतं. तव्याचा चटका असेल, असं मुलगीच म्हणाली. आपला हात भाजतो आणि माणसाला कळत नाही, हे ऐकलं की मी आधी बाही वर करायला लावते. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. मी तिचं कोपर हातात घेऊन मागची नस चाचपली, ती सुतळीएवढी जाड लागली. करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. कुष्ठरोग होता, आणि नवा नव्हता.

‘हात बधीर कधीपासून आहे, ताई?’ मी विचारलं.

‘बधीर नाई हो म्याडम,’ ती म्हणाली. ‘हात पक्का झाला माया. पहिले बोंडं लई टोचत. आता टोचतच नाई.’

हे ती कौतुकानं सांगत होती. आमच्याकडे कापूस वेचताना वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, बोटं रक्ताळतात. नव्या सुना रडकुंडीला येतात आणि जुन्या बाया त्यांना चिडवतात, अजून हात कच्चा आहे म्हणून. इतकी वर्षं वेचूनही हिला टोचायचंच. ते थांबलं तेव्हा तिला वाटलं, चला, आपला हात एकदाचा पक्का झाला. शेतातल्या बायांनीही तिला वाखाणलं होतं.

तिला पट्टी करायला आत पाठवलं, तेव्हा मुलगी माझ्यासमोरच बसून राहिली. आदल्या वर्षी तिनंच त्या चट्ट्याबद्दल मोबाईलवर एआयला विचारलं होतं. त्यानं उलट प्रश्न केले होते. चट्टा खाजतो का, वाढतो आहे का, आणि तिथं किंवा हाताला बधीरपणा वाटतो का? आई चुलीपुढे होती. मुलीनं विचारलं, तशी ती हसून म्हणाली, काही नाही, उलट हात पक्का झाला. मुलीनं ‘नाही’ असं लिहिलं. मग त्यानं साधीच दोन-तीन कारणं सांगितली आणि चट्टा वाढला तर डॉक्टरला दाखवा म्हटलं. वेचणीचे दिवस होते, दाखवायचं राहून गेलं.

‘म्याडम, त्यानं बरोबर इचारलं होतं ना?’

नाही म्हणावं असं फार वाटलं. यंत्राला काय कळतंय, असं म्हणून तिला मोकळं करता आलं असतं. पण समोर बसलेल्या पोरीशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना. ‘हो, बरोबर विचारलं होतं,’ मी म्हणाले. तिनं मान खाली घातली.

पुढे बुलढाण्याला आम्हा डॉक्टरांची एक बैठक झाली, विषय हाच, मोबाईलवरचा एआय. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, पेशंट आता मोबाईलला विचारून येतो आणि आपलीच परीक्षा घेतो. एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, औषध कसं घ्यायचं ते मी त्याच्याकडून सोप्या मराठीत लिहून घेते, माझा घसा वाचतो. कुणी म्हणालं, आपल्या रंगाच्या कातडीचे फोटो त्यानं पाहिलेत तरी किती, आणि चुकलं तर धरायचं कुणाला? सगळ्यांचंच पटण्यासारखं होतं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्याला प्रश्न येतात, मी पाहिलंय, पण समोरचा ‘नाही’ म्हणाला की ते मानतं. मानू नये हेच तर आपण शिकलो. टाळ्या पडल्या. मला मात्र जेवण गेलं नाही. त्या घरची चूल मी कधी पाहिलेली नाही, तरी कुणी पेशंट ‘नाही’ म्हणाला की मला तिथलं हसू ऐकू येतं आणि मी उठून त्याचा हात चाचपायला लागते. लोकांना वाटतं, म्याडम फार बारकाईनं तपासतात. खरं सांगायचं तर मी घाबरलेली असते.

बाईनं गोळ्या नेमानं घेतल्या. रोग गेला, पण बोटांतली जाण परत आली नाही. ती येणार नव्हतीच, उशीर झाला होता. मुलीला नर्सिंगला जायचं होतं, तिनं फॉर्मच भरला नाही. जिला आपल्या मायचा हात समजला नाही, तिनं लोकांचे हात काय पाहायचे, असं म्हणायची. आईनं मला एकदा बाजूला घेऊन विनवलं, ‘तिले सांगा ना, हात सुधरला म्हणून.’ मी म्हणाले, ‘मला तसं नाही सांगता येणार, ताई.’

शेवटच्या तपासणीला मुलगी शेजारी उभी होती. ही तपासणी साधी असते. पेशंटनं डोळे मिटायचे, आम्ही कापसाचं टोक कुठेतरी हलकेच टेकवायचं आणि समजलं की त्यानं सांगायचं. आईनं डोळे मिटले. मी कापूस करंगळीजवळ नेला, अजून टेकवला नव्हता.

‘हाव, समजलं,’ ती म्हणाली. ‘आता सगळं समजते मले.’

कापूस तसाच हवेत होता. मुलीनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

‘हो माय,’ ती म्हणाली. ‘बरोबर सांगतलं तू.’