सुकाणूच्या पट्टीची दोन भोकं

ही हकीकत मी आजवर टाळली. निवृत्त मंडळी जमली की जो तो आपला तपास रंगवून सांगतो. मीही सांगतो, पण पूर्णगडच्या बाजूचा हा तपास मी कधी बाहेर काढला नाही. तरी ताटात आमसूल दिसलं की ती सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहते. आता लिहून टाकतो. नाव कोणाचंच देत नाही.

किनाऱ्यालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. रातांब्यांचा हंगाम भरात होता. रातांबा म्हणजे ज्याच्या सालीचं आमसूल होतं ते फळ. बायका ढीग पुढ्यात घेऊन एकेक फळ हाताने फोडतात, त्यातल्या बिया काढतात. बोटं सोलवटून निघतात. त्यावर एका कंपनीने हाताने दाबायचं स्वस्त यंत्र बाजारात आणलं होतं. कंपनीचा प्रतिनिधी ठाण्यात आला. पूर्णगडचा एक वेल्डर आमच्या यंत्राची नक्कल करून लोकांना फसवतो, अशी त्याची तक्रार होती. यंत्राच्या आकाराची नोंदणी केल्याचं शिक्क्याचं प्रमाणपत्र त्याने टेबलावर ठेवलं. सरकारी शिक्का दिसला की आम्हा पोलिसांचा अर्धा संशय तिथेच मिटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, माल टेम्पोत चढतोय. आत्ता आलात तर हातात गावंल."

चहा तसाच सोडून मी उठलो. स्टेशन डायरीला नोंद केली, पंच घेतले आणि जीप काढली. टेम्पो आम्ही भर बाजारात अडवला. वेल्डर मागे यंत्रं धरून बसला होता. पन्नाशीचा, मुंबईला गोदीत काम करून गावी परतलेला माणूस.

"उतर खाली. दुसऱ्याची अक्कल चोरून विकतोस?"

"नाय ओ साहेब, माझंच काम हाय हे."

"प्रत्येक चोर हेच म्हणतो!" मी आवाज चढवला. मासे घेणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. त्या बायका म्हणजेच त्याचं गिऱ्हाईक.

मग त्याच्या शेडचा पंचनामा केला. शिपाई सुटे भागसुद्धा पोत्यात भरू लागले, तशी त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. "केरसुणी देऊ काय? धूळ पण न्या. ती पण कंपनीचीच असंल!"

हवालदाराला हसू फुटलं. मी डोळे वटारले.

ठाण्यात मी कंपनीचं आणि वेल्डरचं, दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. चौकशीची माझी एक सवय होती. वस्तूवर हक्क सांगणाऱ्याला तिचा प्रत्येक भाग कशासाठी आहे, ते विचारायचं. बनवणारा थांबत नाही, आणि न बनवणारा थोड्याच वेळात गोष्टी रचू लागतो. वेल्डर थांबला नाही. वाटी कलती का, पातं बोथट का, सगळं सांगत गेला. मग मी प्रतिनिधीला आत घेतलं. त्यांच्या यंत्राच्या दांड्यावर दोन भोकं होती, त्यांना चकचकीत कड्या बसवलेल्या. वेल्डरच्या यंत्रावर भोकं नव्हती.

"ही भोकं कशाला?"

"ती... हवा खेळती राहायला, साहेब."

"रातांब्याला हवा?"

"म्हणजे, टेक्निकल आहे."

मी वेल्डरला बोलावून भोकं दाखवली. तो वाकून बघत राहिला आणि एकदम मोठ्याने हसला. "अहो, ही आमच्या बाबांच्या होडीची भोकं!"

पहिलं यंत्र त्याने घरच्या भंगारातून बनवलं होतं. दांड्याला वडिलांच्या जुन्या होडीच्या सुकाणूची लोखंडी पट्टी वापरली, बोल्टांच्या भोकांसकट. पुढची यंत्रं नव्या पट्टीची, म्हणून त्यांना भोकं नव्हती. ते पहिलं यंत्र त्याने कृषी प्रदर्शनात मांडलं होतं, नंतर ते मोडीत गेलं.

"एक माणूस दिवसभर मापं घेत बसलेला. टेपचं दुसरं टोक मीच धरलं, साहेब. म्हटलं, बिचाऱ्याला शिकायचं असंल."

"पट्टी एकच होती?"

"जोडी असते, फळीच्या दोन्ही बाजूंना. तेच बोल्ट दोन्हींतून जातात. दुसरी अजून सुकाणूवर हाय, परसात."

जीप, पंच, प्रतिनिधी, सगळ्यांना घेऊन पूर्णगड गाठलं. फणसाखाली ते सुकाणू आडवं पडलं होतं. गंज खरवडून मी कंपनीच्या यंत्राचा दांडा पट्टीवर ठेवला. एक भोक मधोमध नव्हतं, जरा कडेला सरकलेलं. दांड्यावरचंही तितकंच सरकलेलं! मी खिळा घातला, तो आरपार गेला. दुसरा घातला, तोही गेला. शेजारीपाजारी ओरडले. हवालदाराने तर टाळीच वाजवली. नोकरीत मोठे गुन्हेगार धरले, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही.

"म्हणजे आता यंत्र माझं ना, साहेब?" वेल्डरने विचारलं.

मी हो म्हणालो. सरकारी वकिलांनी सायंकाळी मला जमिनीवर आणलं. पेटंटसाठी अर्ज आधी करायला हवा होता. यंत्र चारचौघांत मांडल्यावर ते कायद्याच्या लेखी नवं राहत नाही. पेटंट असतं तरी तो दिवाणी दावा, ज्याचा त्याने लढायचा. कंपनीची नोंदणी रद्द करता येईल, पण त्याला वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी. मी फक्त वेल्डरवरचा आरोप पुसू शकत होतो. जप्त यंत्रं मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या आदेशापर्यंत ठाण्यातच राहिली. ती सुटली तेव्हा रातांबे संपले होते आणि गावोगावच्या बायकांनी कंपनीचं यंत्र घेतलं होतं, दोन भोकांचं.

मुद्देमाल न्यायला त्याची बायकोही आली होती. म्हणाली, "चोर भर बाजारात म्हणालात, साहेब. चोर नाय, हे आमच्या परसात सांगून कसं भागंल?"

"येत्या बाजाराला येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. बंदोबस्त लागला, मग बदली झाली. ही कारणं खरी आहेत, पण खरं कारण तेवढं नाही. वर्दीत उभं राहून त्या बायकांसमोर "माझं चुकलं" म्हणायला जीभ वळत नव्हती. शिक्का पाहण्याआधी वस्तू बनवणाऱ्याचे हात पाहावेत, एवढं त्या तपासाने शिकवलं. आरोप जिथे केला तिथेच तो मागे घ्यावा लागतो, हे उमगायला निवृत्ती यावी लागली.

गेल्या उन्हाळ्यात पूर्णगडला गेलो. तो शेडमध्ये काहीतरी जोडत होता. ज्याने अनोळखी माणसासाठी टेपचं टोक धरलं होतं, त्याने मला पाहताच कामावर गोणपाट ओढला.

"या साहेब, बसा. अगो, सरबत आण."

सरबत प्यायलो. मुलं काय करतात, विचारलं. गोणपाटाखाली काय आहे, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरून घोकून आणलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. "दादा, त्या दिवशी बाजारात माझं चुकलं." एवढंच होतं ते.

रिकामा पेला वहिनींच्या हातात दिला आणि म्हणालो, "सरबत छान झालंय."