समुद्र मागून आला

आमच्या घरात समुद्राचा जाणकार मी. म्हणजे मीच तसं जाहीर केलं होतं आणि वीस वर्षं कुणी हरकत घेतली नव्हती. मुंबईत एका लग्नाला गेलो असताना, बांद्र्याच्या पुढे समुद्राला लागून फिरायला जो लांबलचक फरसबंद रस्ता आहे, तिथे मी पाऊण तास उभा होतो. तेवढ्या भांडवलावर मी नारायण पेठेतल्या चहाच्या टपरीवर वीस वर्षं काढली. खेकड्यांशी झटापट केली, लाटांची जातवारी लावली, आणि एकदा तर भर समुद्रात वाट चुकलेल्या बोटवाल्याला डावीकडे वळायला सांगितलं. ऐकणारे सगळे पुणेकर. कोण तपासायला जाणार?

तपासायला निघाली आई.

चार महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची, तिथून तिला मी धायरीला माझ्याकडे आणलं. आईच्या लेखी धायरी म्हणजे पुणं संपल्यावर गाडी चहासाठी थांबते ते ठिकाण. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, "अरे, पेपर इथे आजचाच येतो ना?"

माझी मोठी बहीण सरकारी कचेरीत अधिकारी आहे. जेवायला वाढतानासुद्धा ती मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असं वाढते. तिने निकाल देऊन टाकला की आता एकटीने राहणं बंद, मुक्काम धायरी. आई म्हणाली, "मी परत एकटी राहू शकते." ताई म्हणाली, "कशावरून?" आईने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना अट सांगितली.

"समुद्रात पाय बुडवून परत येते. माझ्या पायांनी. कुणाचा हात न धरता. जमलं तर मी नारायण पेठेत, आणि हा विषय परत काढायचा नाही. नाही जमलं तर धायरी."

"समुद्रच कशाला?" ताईने विचारलं.

"लग्नानंतर हर्णैला गेलो तेव्हा तुझ्या वडिलांनी मनगट धरून ठेवलं होतं. तुम्ही दोघं झाल्यावर तुमची मनगटं मी धरली. मोकळ्या हाताने समुद्रात मी कधी गेलेच नाही. आता तर काय, जो येतो तो माझा दंड धरतो. बसमधला दांडा झालाय माझा."

ताईला वाटलं, हे काही जमत नाही, म्हणून ती कबूल झाली. मला वाटलं जमेल, म्हणून मी कबूल झालो. आई परत पेठेत जावी असंच मला वाटत होतं, हे मी दोघींनाही सांगितलं नव्हतं. आई आणि माझी बायको यांचं फार चांगलं जमतं आणि दोघींनी मिळून माझ्या चहातली साखर बंद केली होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे, संध्याकाळी आई आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहायची तेव्हा खाली तिच्या ओळखीचं कुणी जात नसायचं. ती तरीही वाकून बघायची.

हर्णै लांब. इतका वेळ गाडीत बसायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. मुंबई चालेल म्हणाले. तेव्हा सगळे माझ्याकडे वळले आणि मी छाती काढून सांगितलं, "जागा मला पाठ आहे. रस्त्यावरून पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. पाण्याखाली वाळू, शिऱ्याच्या रव्यासारखी." पाणी मी खरंच पायरीला लागलेलं पाहिलं होतं. रवा मी माझ्याकडून घातला.

पहाटे निघालो. गाडी ताई चालवत होती. तिच्या वेगाबद्दल एवढंच सांगतो की लोणावळ्याच्या घाटात एका गोगलगायीने आम्हाला मागून लाइट मारला. आई पुढच्या सीटवर काठी भाल्यासारखी धरून बसली होती आणि दर टोलनाक्यावर विचारत होती, "आला का?" साडेनऊला गाडी लावली, रस्ता ओलांडला. वारा असा की माझ्या खिशातला रुमाल माझ्याआधी समुद्राला भेटून आला. त्या रस्त्यावर अख्खी मुंबई चालत होती, पळत होती, कुत्री फिरवत होती. मी पुढे धावलो, कठड्यावरून वाकलो आणि म्हणालो, "हा बघा."

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब, शे-दीडशे पावलांवर. मधे नुसते खडक. काळे, करवतीच्या दातांसारखे, मधेमधे हिरवे बुळबुळीत, खळग्यांत साचलेलं पाणी. वीस वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा भरती होती. पाण्याखाली काय आहे हे बघायला मी कशाला जातोय.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी कठडा धरला. "रवा," ती म्हणाली.

"वरून सोडलं नसेल आज पाणी," आई म्हणाली.

हे बाकी कुठल्याही गावच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आम्हा तिघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आमची नदी अशीच वागते. एरवी पात्र उघडं असतं, तिथे आम्ही गाड्या लावतो. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की भोंग्याची गाडी फिरते, पेपरात येतं, लोक गाड्या काढतात, मग पाणी येतं. रीतसर. न कळवता येणारं पाणी आमच्या माहितीत नाही. ताई मात्र शुद्धीवर आली. "आई, समुद्राला धरण नसतं. हे रद्द. गाडीत बसा सगळे."

"रद्द कसं? पायऱ्या तर आहेत ना?" असं म्हणून आईने साडी वर खोचली, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि उतरायला लागली.

बारा पायऱ्या. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना हात पसरून, कोंबडी पकडायला निघाल्यासारखे. तिने काठीने दोघांनाही बाजूला सारलं. खाली खडकांत एक उथळ घळ होती, तेव्हा कोरडी. ती ओलांडून आई पलीकडच्या एका सपाट खडकापर्यंत पोचली. तिथून पुढे मात्र सगळं हिरवं, शेवाळलेलं. तिने काठी टेकवली, काठी घसरली. दुसरीकडे टेकवली, तिथेही घसरली. मग ती त्या सपाट खडकावर बसली. बराच वेळ समोर बघत राहिली.

"आई," ताई हळूच म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात मुद्दा क्रमांक नव्हता. "इथवर आलीस, पुष्कळ झालं."

"पाणी कुठे लागलंय पायाला? अटीत पाणी आहे." आईने आम्हाला हाताने उडवून लावलं. "तुम्ही वर जा, चहा घ्या. मी बसते. येईल तेव्हा येईल इथपर्यंत."

थोड्या अंतरावर एक कोळीण उकिडवी बसून लोखंडी आकडीने खडकाला चिकटलेली कालवं फोडून काढत होती. तिच्या भरवशावर आम्ही वर आलो. एवढ्या लांबचं पाणी इतक्यात कुठे येतंय? आणि आलं तरी समोरून येईल, दिसेल, उतरू. एका सायकलवाल्याकडून चहा घेतला, कठड्याला टेकून प्यायलो. ताई म्हणाली, "हरली रे ती." तिला आनंद झाल्यासारखा दिसत नव्हता. "मला वाटलं होतं मी जिंकले की बरं वाटेल." मी दुसरा चहा सांगितला, साखर जास्त. मग मी तिला बोटवाल्याची गोष्ट सांगायला घेतली, तिने मला अडवलं नाही, त्यामुळे ती लांबली. मधूनमधून मी समोर बघत होतो. समोरचं पाणी थोडं जवळ आलं होतं, पण आईपासून अजून दूर होतं.

ते मागून आलं.

दूर कुठेतरी खडकांना वळसा घालून, चोरपावलांनी, त्या कोरड्या घळीतून. मी तिसरा चहा सांगायला वळलो आणि पाहिलं तर पायऱ्या आणि आई यांच्यामध्ये पाणी चमकत होतं. आई बेटावर बसली होती आणि टक लावून समोर बघत होती, भोंग्याची वाट पाहत.

त्या बारा पायऱ्या मी किती उड्यांत उतरलो ते सांगत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. एक. ताई माझ्या मागे. घळीच्या काठावर पोचलो तोवर पाणी घोट्याच्या वर गेलं होतं आणि दर लाटेला आत ओढत, बाहेर ढकलत होतं. कोळीण टोपली डोक्यावर घेऊन परतत होती. ती आईपाशी थांबली.

"आजी, उठा आता. भरती लागली."

"कुणी काही कळवलं नाही," आई म्हणाली.

"दर्याला कोन इचारतं? उठा."

आई काठीवर भार देऊन उठली, वळली आणि तिला घळ दिसली. मी तोवर पँटसकट पाण्यात उतरून हात लांब केला होता. माझ्या आयुष्यात मी इतका लांब हात केला नाही, नंतर दोन दिवस शर्टाची ती बाही आखूड वाटत होती.

"हात मागे घे," आई म्हणाली.

"आई, मस्करी नाहीये ही."

"मला तरी कुठे हसू येतंय? मागे घे म्हणते ना."

मी ताईकडे पाहिलं. अट खरी तिच्याशी ठरली होती, तीच मोडू शकत होती. ताईचे ओठ पांढरे पडले होते. तिने मला कॉलर धरून मागे ओढलं.

कोळणीने आमच्या तिघांकडे पाहिलं. काय समजली कोण जाणे. तिने आईचा हात धरला नाही. ती एक पाऊल पुढे झाली आणि काठीसारखी सरळ उभी राहून म्हणाली, "हिरव्यावर पाय नको. पांढऱ्यावर द्या. टोचंल, पन सोडायचा नाही."

खडकावर पांढऱ्या शिंपांचे खरखरीत थर असतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आईने पांढऱ्यावर पाय ठेवला. पाणी पोटरीपर्यंत आलं. कोळीण पुढे, आई मागे, दोघींच्या मधे हातभर अंतर. "आता इथं." आईने तिथे ठेवला. लाट आली, साडी फुगली, आई डुलली. माझ्या घशातून एक आवाज निघाला तो मी पुन्हा काढू शकणार नाही. आईने काठी रोवली, थांबली, लाट जाऊ दिली. मग तिने एक गोष्ट केली जी अटीत नव्हती. घळीच्या मधोमध ती उभी राहिली आणि पायांकडे बघत बसली, जणू आम्हाला घाई नाहीच.

"आई, ये ना," ताई म्हणाली.

"थांब गं. आत्ता तर आलंय."

मला वाटतं ती तिथे तासभर उभी होती. ताई म्हणते दहा सेकंद. मग आणखी चार पावलं, आणि पहिली पायरी. आईच्या तळव्यांना दोन-तीन ठिकाणी कापलं होतं, थोडं रक्त येत होतं, आणि ती इतकी हसत होती की वर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. कोळीण टोपली सावरत निघून गेली. आम्ही आभार मानेपर्यंत ती निम्म्या पायऱ्या चढली होती.

कठड्यावर बसून ताईने आईचे पाय पुसले. पुसताना एकदाच म्हणाली, "ती सांगत होती पाय कुठे ठेवायचा ते."

"सांगत होती. धरलं नाही," आई म्हणाली.

ताई गप्प बसली. परतीचा सगळा रस्ता गप्प बसली, आणि तिच्यासारखी बाई तीन तास गप्प बसली की गाडीत हवा कमी पडते. आई मागच्या सीटवर झोपली होती. मी पुढे बसून वाट बघत होतो. मुंबईकडून येताना चांदणी चौक आधी लागतो. तिथे डावीकडे उतरलं की पेठा, सरळ गेलं की धायरी.

चांदणी चौक आला. ताईने काही न बोलता डावीकडचा इंडिकेटर लावला.

मागून आईचा आवाज आला, म्हणजे झोपली नव्हतीच. "वाटेत दूध घ्या. घरी विरजणसुद्धा नसेल आता."