भरीव रोटरचे पापुद्रे

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो, आणि माझ्या डोक्यात दिवसभर एक रोटर फिरत असे. तो आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केलेला. फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन त्यांनी कोरेगावात शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान घातलं होतं. मोटारीत जो भाग फिरतो, त्या रोटरमध्ये एरवी सळ्या असतात. आबांनी सळ्यांना फाटा दिला आणि भरीव पोलाद लेथवर कातून आत बसवलं.

"इजेचा दाब कमी पडला तरी ह्यो उठतुय," ते सांगायचे. बाजारातले मेकॅनिक हसायचे.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरला इचार, मी येडा हाय का," एकदा ते मला म्हणाले. म्हणाले हसतच, पण डोळे हसत नव्हते.

मग मी तो रोटर कागदावर कांद्यासारखा सोलला. प्रत्येक पापुद्र्यात वीज किती शिरते, किती विरते, याची समीकरणं मांडली, ती कॉम्प्युटरला वाचता यावीत म्हणून कार्डांना भोकं पाडली आणि गठ्ठा पुण्याला पाठवला. तिथला कॉम्प्युटर आठ दिवसांनी उत्तर द्यायचा. ते आठ दिवस मी कृष्णेच्या घाटावर बसून त्या पोलादात आत आत उतरायचो. वरचा पापुद्रा तापलेला, खालचा कोमट, आणि अगदी मध्ये काहीच न पोचणारा शांत गाभा. तिथं बिऱ्हाड करावंसं वाटे. वर्गातही खडू हातात तसाच राही. सर कुठं गेलेत ते पोरांना कळायचं.

उत्तर आलं. आबांचा रोटर साध्या रोटरपुढे लंगडाच होता. जड मनानं मी पॅसेंजरनं कोरेगावला गेलो.

"दाब किती धरलास?" आबांनी विचारलं.

"चारशे पंधरा व्होल्ट."

"त्यो तुमच्या पुस्तकात! उसाला पानी सुटून समद्यांचे पंप एकदम लागल्यावर आमच्यात तीनशे तरी येतंय का रं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मिणमिणत्या पिवळ्या बल्बखाली अभ्यास करून मोठा झालेला मी, कार्डावर मात्र पुस्तकातला आकडा पाडून बसलो होतो. मला स्वतःचाच राग आला.

कार्ड बदललं. पुन्हा आठ दिवस घाट. या वेळी कागदावर फुल्याफुल्यांनी दोन रेषा उमटल्या. कमी दाबाला साधी मोटार ओझं घेऊन उठतच नव्हती, आबांची उठत होती. पण तापतही होती, भयंकर.

आबांनी कागद मांडीवर पसरला आणि फुल्यांवरून सावकाश बोट फिरवलं. "हितं उठतुय. आन् हितनं तापाय लागतुय, व्हय ना?"

"व्हय. आबा, तासाभरात कॉइल जळंल. ह्यो रोटर कुनाला देता यायचा न्हाई."

"म्हाईत हाय. रोज हात ठिवून बघतुय की."

"मग मला कशाला एवढं करायला लावलंसा?"

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"इतकी वर्सं ह्ये मला एकट्यालाच कळत हुतं रं. एकटा मानूस येडाच ठरतुय. आता आपुन दोगं झालो."