क्रेसेन्स गास्नरची हरकत

आमच्या ट्रीझनबर्गच्या गावकचेरीत क्रेसेन्स गास्नर सव्वीस वर्षं मतदारयादी टाइप करत होती. यादीत सगळे पुरुष. बायकांना मत नव्हतं. संसदेतला कायदा लोकांना अडवायचा तर सह्या कशा जमवायच्या, शेवटी आमच्या चिमुकल्या देशाच्या राजधानीतून, वाडूत्सच्या किल्ल्यातून, राजेसाहेबांची सही कशी येते, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मतदानाला जाताना आम्ही तिलाच विचारायचो.

बायकांना मत द्यावं का, हे आम्हा पुरुषांना तीनदा विचारलं गेलं. पहिल्या दोन वेळा मी 'नाही' लिहिलं. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. चौऱ्याऐंशी साली थोड्याशा मतांनी 'हो' झालं.

शहाऐंशीच्या निवडणुकीची यादी कचेरीबाहेर लागली. हरकतीच्या शेवटच्या दिवशी बायकोचं, आग्नेसचं नाव बघायला गेलो. ते होतं. गास्नरांमध्ये क्रेसेन्सचा भाऊ आल्बर्ट होता, क्रेसेन्स मात्र नव्हती.

आत जाऊन सांगितलं. "शक्यच नाही," म्हणत ती बाहेर आली आणि गास्नरांची नावं दोनदा वाचली.

"आल्बर्टनंतर हात सवयीनं पुढच्या घरावर गेला," ती म्हणाली.

गावप्रमुख एगोन बेक हसत सुटला. "गावभरच्या बायका लिहिल्यास आणि स्वतःला विसरलीस! जा, एक ओळ टाइप कर."

"लागलेल्या यादीला हात लावायचा नाही. लेखी हरकत लागते."

"अगं, तुझंच नाव ना?"

"म्हणूनच. राजेसाहेबांच्या सहीवाचून कायदा होत नाही, आणि तुझ्या तोंडच्या शब्दावर यादी बदलायची?"

"मग लिही हरकत."

"हरकत यादीतल्या मतदारानं घ्यायची. मी कुठंय यादीत?"

"मग रविवारी मतदानाच्या दिवशी बस घरी!"

मुदत पाचला संपत होती. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी कागद मागितला. तीन ओळी लिहायला मला अर्धा तास लागला.

"तारीख कुठंय?" ती म्हणाली. "आणि सही मजकुराखाली. दुसरा कागद घे."

"सेन्सी, तुझ्यासाठीच लिहितोय गं."

"माझ्यासाठी म्हणून वाकडं चालेल होय?"

तिसरा कागद तिनं ठेवून घेतला. शिक्का मारला तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. निवडणूक समितीनं गुरुवारी हरकत मान्य केली.

रविवारी ती आग्नेसच्या मागे रांगेत उभी होती. मतदान अधिकारी गास्नरांमध्ये बोट फिरवत राहिला.

"शेवटच्या पानावर बघ," ती म्हणाली. "हातानं लिहिलंय."

मत कुणाला दिलं, ते तिनं आल्बर्टला सांगितलं नाही. तो पुढचे दोन आठवडे तिच्याशी बोलत नव्हता.