कोलंबी सोलणारीचे ठसे

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्या, शाळा चौथीपर्यंतच झाली. पण त्या हवालदारांबद्दल लिहावंसं वाटतं.

आमचे हे कॅनडाला असतात. मला तिकडे न्यायचं तर अर्जाला मस्कतच्या पोलिसांचा दाखला हवा होता, कारण आधी आम्ही दोघं तिथे राहिलो होतो. त्यासाठी इथल्या पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे घेऊन मस्कतला पाठवायचे होते.

हवालदार माझं एकेक बोट कागदावर फिरवायचे आणि ठशावर, गरम चहा निववावा तशी फुंकर मारायचे. पण उमटायचे नुसते काळे डाग. कोलंबी सोलून सोलून बोटं गुळगुळीत झालेली. आता जाणं राहिलंच, म्हणून माझे डोळे भरले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तुम्ही चोरी केली असती तर आम्हाला जन्मात सापडल्या नसत्या. आणि चोर न्हाय म्हणून दाखला तुम्हालाच हवाय!"

मी लाजाळू बाई, पण भर ठाण्यात खुदकन हसले.

"कोलंबीला सुट्टी द्या, खोबरेल लावा, मग या," ते म्हणाले.

पंधरवड्याने दहाही ठसे छान उठले. कुरियरला पैसे कमी पडले, ते त्यांनीच घातले.

दाखला आल्यावर मी त्यांचे पैसे आणि घरी सुकवलेल्या कोलंबीचे सोडे घेऊन गेले. सोडे त्यांनी हसत परत केले. "पोलिसाला सोडे चारलेत तर दाखला खोटा पडंल ना!"

मग नोटा मोजून खिशात घातल्या. "सगळे फिटले, ताई. आता बिनघोर जा."