दोन यंत्रांचा एकच रंग

रोहिणीताईंची आणि माझी पहिली भेट दौंडच्या छापखान्यात झाली. शिरूरचा स्वतःचा छापखाना नावारूपाला आणल्यावर त्यांनी दौंडचाही चालवायला घेतला होता. मी तिथे ऑफसेट यंत्रावर होतो. आल्या आल्या त्यांनी चालू कामाचा एक कागद उचलला, दारात उजेडात धरला आणि विचारलं, "शितोळे, हा राखाडी तुम्हाला गुलाबी वाटतो का?" मला वाटत होता. पण असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शाई कमी-जास्त करून आम्ही ते काम निभावलं.

लवकरच मेंढपाळांसाठीच्या कार्डाचं काम आलं. मेंढीची पापणी ओढून आतला रंग कार्डावरच्या लाल ते पांढुरक्या पट्ट्यांशी ताडायचा. पापणी फिकी निघाली तर पोटात जंत आहेत असं समजून औषध द्यायचं. निम्मी कार्डं शिरूरला छापली, निम्मी दौंडला. दोन्हीकडे शाई मोजून सारखी ठेवली होती.

कार्डं वापरताना पाहायची म्हणून ताई पशुवैद्यांबरोबर वरवंडला गेल्या. मला सोबत नेलं. तिथल्या मेंढपाळ बिरूमामांनी दोन्हीकडची कार्डं एकाच मेंढीच्या डोळ्याशी धरली.

"बाई, ह्या कार्डावर मेंढी बरी हाय, आन् ह्या कार्डावर आजारी. म्या औषध देऊ का नको?"

"मामा, आत्ता डॉक्टर सांगतील तसं करा," ताई म्हणाल्या, "आणि ही दोन्ही कार्डं मला परत द्या."

ज्यासाठी ही कार्डं छापली होती ते मेंढ्यांच्या तपासणीचं शिबिर तोंडावर आलं होतं. फरक थोडाच आहे, चालून जाईल, असं आमच्यापैकी काहींचं म्हणणं पडलं. ताईंनी एवढंच सांगितलं, "उगाच जनावर मरेल." वाटलेली कार्डं त्यांनी वाड्या-वस्त्यांवर स्वतः फिरून गोळा केली.

मग दोन्ही यंत्रांवर एकाच कागदावर निळा, किरमिजी आणि पिवळा मिळून होणारा राखाडी छापून पाहिला. शिरूरचा राखाडीच राहिला, दौंडचा गुलाबी झाला. छापील रंग बारीक ठिपक्यांचा बनतो; आमच्या जुन्या यंत्रावर किरमिजी ठिपका दाबाने जास्त पसरत होता. ताईंनी दौंडसाठी वेगळ्या प्लेटा करवून घेतल्या, त्यात तो ठिपका आधीच बारीक ठेवला. दोन्हीकडे तपासणीचे दिवेही सारखे बसवले. राखाडी जुळला आणि त्याच्यामागे लालही जुळला. नवी कार्डं पाहून मामा म्हणाले, "व्हय, आता दोन्ही एकच सांगत्यात." आज आमचं कुठलंही काम कोणत्याही यंत्रावर चढवता येतं, ते त्या शिस्तीमुळे.

त्यांच्या आपुलकीचा अनुभव मला फार जवळून आला. मध्यंतरी माझे कागद निळसर येऊ लागले. मी यंत्र उघडून बसलो. ताईंनी खुर्ची ओढली, शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे. डोळे दाखवून या." मोतीबिंदू निघाला. मला सगळंच पिवळट दिसत होतं, म्हणून मी पिवळी शाई कमी करत होतो. रंग ओळखणाऱ्याचे डोळे गेले म्हणजे त्याची भाकरी गेली, या धास्तीने मी घरीही बोललो नव्हतो. ताईंनी ऑपरेशनसाठी स्वतः दवाखान्यात नेलं. पट्टी सुटेपर्यंत माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. परतल्यावर मी कागद हातात घेतला आणि म्हणालो, "ताई, दिसतंय." त्यांनी तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

ताई साठीत पाऊल ठेवत आहेत. त्यांची नजर अशीच तेज राहो, तब्येत ठणठणीत राहो आणि आमच्या छापील कागदांवर त्यांनी आणखी पुष्कळ वर्षं हक्काने चुका काढाव्यात, हीच दौंड-शिरूरच्या आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.